पांबनचा पूल आणि गंजाचा हिशेब

भारताच्या नकाशात अगदी खाली, उजव्या हाताला, भूमी श्रीलंकेच्या दिशेने एक लांबट बोट पुढे करते. त्या बोटाच्या टोकाशी मंडपम हे गाव आहे आणि मंडपमसमोर पाण्यापलीकडे पांबन बेट. रामेश्वराचे प्रसिद्ध मंदिर याच बेटावर. मधल्या अरुंद खाडीत उत्तरेकडून पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेकडून मन्नारचे आखात एकमेकांना भेटतात. पाण्याखाली वालुकाश्म आणि प्रवाळाचा खडक आहे, पाणी हिरवट निळे दिसते. महाराष्ट्रातून काशी-रामेश्वर करणाऱ्या माणसांना ही खाडी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीतून आणून ती रामेश्वरावर घालण्याची प्रथा फार जुनी. ती गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथ महाराजांची कथा तर मराठी घराघरांत सांगितली जाते. त्या काळी अखेरचा टप्पा होडीने पार करावा लागे. आज तो आगगाडीने किंवा मोटारीने काही मिनिटांत पार होतो, आणि मंदिराच्या ओढीने निघालेल्या यात्रेकरूचे लक्ष पुलाकडे गेलेच तर ते खिडकीतून समुद्राचे छायाचित्र घेण्यापुरते जाते.

वास्तविक हा पूल स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. किंबहुना येथे आता दोन रेल्वे पूल शेजारी शेजारी उभे आहेत आणि थोड्या अंतरावर समांतर जाणारा, २ ऑक्टोबर १९८८ रोजी खुला झालेला मोटारींचा उंच पूल आहे. जुना रेल्वे पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला. नवा ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी. जुन्या पुलावरची गाडी डिसेंबर २०२२ मध्ये कायमची थांबली. म्हणजे दोन महायुद्धे, एक महाभयंकर वादळ आणि शंभराहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन त्या लोखंडी सांगाड्याने एकशे आठ वर्षे सेवा दिली. तो कोणत्या हवेत उभा होता हे कळले की हा आकडा किती मोठा आहे ते ध्यानात येते.

सिंहलद्वीपाशी व्यापार वाढवण्यासाठी या खाडीवर रेल्वे न्यावी, असा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. प्रत्यक्ष काम १९११ मध्ये सुरू झाले. सव्वाशेहून अधिक दगडी-काँक्रीटच्या खांबांवर लोखंडी गर्डर टाकत सुमारे दोन किलोमीटरची वाट समुद्रावरून नेण्यात आली. गलबतांना जाण्यासाठी मध्यभागी उघडणारा भाग ठेवला होता. त्याला शेरझर पद्धतीचा गाळा म्हणतात. सुमारे सव्वादोनशे फुटांच्या या गाळ्याचे दोन भाग. खालच्या बाजूला असलेल्या वक्र पायांवर ते झोपाळ्यासारखे मागे कलत आणि आकाशाकडे हात जोडल्यासारखे उभे राहत. हे सारे विजेच्या यंत्राशिवाय चाले. दोन्ही बाजूंना खलाशांची टोळी दांडे धरून चक्र फिरवी आणि शेकडो टनांचे लोखंड हळूहळू वर जाई. आगगाडी पुढे धनुष्कोडीपर्यंत जात असे. तेथून आगबोटीने पलीकडे तलैमन्नार, पुन्हा रेल्वे आणि कोलंबो. मद्रासहून निघणाऱ्या या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणत.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकले. पांबनहून धनुष्कोडीकडे निघालेली प्रवासी गाडी लाटेखाली गेली आणि तिच्यातील कोणीही वाचले नाही. पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात पडले, मात्र मधला उघडणारा गाळा जागच्या जागी उभा राहिला. दुरुस्तीचे काम ज्या तरुण अभियंत्याकडे सोपवले गेले ते ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रोमुळे त्यांचे नाव घरोघरी झाले. समुद्राच्या तळाशी पडलेले गर्डर मच्छीमारांच्या मदतीने शोधून, वर काढून, पुन्हा खांबांवर चढवण्यात आले आणि ४६ दिवसांत पूल सुरू झाला. धनुष्कोडीला मात्र रेल्वे पुन्हा गेली नाही. आज तेथे वाळूत स्थानकाच्या आणि चर्चच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

वादळाची गोष्ट सर्वजण सांगतात, कारण तिच्यात एक रात्र आहे आणि एक नायक आहे. पांबनच्या पुलाचा खरा शत्रू मात्र दुसराच होता. तो रोज येई आणि आवाज न करता काम करी.

लोखंड गंजते म्हणजे काय होते, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. लोह, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोह आपल्या मूळच्या मातकट रूपात परत जाऊ लागते. समुद्रकाठी यात मीठ मिसळते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर येतात, गर्डरवर बसतात, सुकतात आणि मिठाचा अदृश्य थर मागे ठेवतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडाचा पृष्ठभाग ओलाच राहतो आणि गंजण्याची क्रिया अखंड चालते. पांबनला दोन्ही बाजूंनी समुद्र, हवा वर्षभर दमट आणि वारा जवळजवळ कधीच पडत नाही. जगातील अत्यंत गंजकारक जागांमध्ये अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याखालोखाल पांबनचे नाव घेतले जाते, ते उगाच नव्हे.

त्यातही गंज सपाट, उघड्या जागेवर फारसा घातक नसतो. तेथे तो दिसतो आणि खरवडता येतो. तो दडून बसतो जोडांत. जुन्या पुलाचे सारे अवयव रिव्हेट ठोकून जोडलेले. एकावर एक बसवलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत खारे पाणी शिरले की तेथे वारा पोहोचत नाही आणि ब्रशही पोहोचत नाही. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या कित्येक पट होते. ते फुगते, पत्रे एकमेकांपासून दूर लोटते आणि एखाद्या दिवशी रिव्हेटचे डोकेच उडवते. गर्डर जेथे खांबावर टेकतो त्या बैठकीत धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पाणी साचते. रुळांखाली असलेल्या जागेत पूर्वी डब्यांतून पडणारी घाण साचे. कर्करोगाप्रमाणे येथेही रोग किती पसरला यापेक्षा तो कोठे आहे याला महत्त्व असते.

या रोगावर औषध एकच, आणि ते अगदी साधे दिसते. खरवडणे आणि रंगवणे. हे काम पाहणाऱ्याला ते घराला रंग देण्याइतके सोपे वाटते आणि बहुधा म्हणूनच त्याची किंमत कोणाला कळत नाही. पुलाच्या रंगाचे आयुष्य रंगाच्या डब्यावर अवलंबून असते त्याहून कितीतरी अधिक ते रंगाखालच्या लोखंडाच्या तयारीवर असते. जुना गंज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या फवाऱ्याने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा लागतो. नंतर गोड्या पाण्याने मीठ धुवावे लागते. ते न धुता वरून कितीही महागडा रंग लावला तरी मीठ रंगाखाली पाणी ओढते आणि वर्षा-दोन वर्षांत फोड येतात. साफ केलेले लोखंड त्या खाऱ्या हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते, म्हणून पहिला हात त्याच दिवशी द्यावा लागतो. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंग लावायचा नाही. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक नसेल तरी लावायचा नाही, कारण डोळ्यांना न दिसणारे दव पृष्ठभागावर असते. पहाटेची थंड वेळ कामगाराला सोयीची, पण रंगाला सर्वांत वाईट. दोन हातांमध्ये किती तास जाऊ द्यायचे, ओला थर किती जाड, सुकल्यावर किती राहिला, कोपऱ्यांना आणि रिव्हेटच्या डोक्यांना ब्रशने आधी वेगळा हात का द्यायचा, हे सारे ज्ञान शिडीवर लोंबकळणाऱ्या माणसाच्या हातात असावे लागते. कार्यालयात बसलेल्या अभियंत्याकडे ते असून भागत नाही.

जुन्या काळी पहिला हात शिशाच्या लाल भुकटीच्या रंगाचा असे. मारुतीला जो शेंदूर लावतात तीच ही वस्तू. देवाच्या अंगावर आणि पुलाच्या अंगावर एकच लेप चढत होता, हा योगायोग मजेचा आहे. शिसे विषारी असल्याने आता त्याचा वापर मागे पडला आहे. रेल्वेने खाऱ्या हवेतील पुलांसाठी आणखी एक उपाय रूढ केला. ॲल्युमिनियमची तार ज्योतीत वितळवून तिचा फवारा लोखंडावर मारायचा आणि मग त्यावर रंगाचे हात द्यायचे. हा धातूचा थर साधारण १५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या दोन कागदांहूनही पातळ असतो. एवढ्या पापुद्र्यावर आगगाडीतील हजारोंचा जीव सुरक्षित राहतो. तो पापुद्रा एखाद्या कोपऱ्यात पोहोचला नाही तर ते कोणाला कळणार? ज्याने फवारा मारला त्याला आणि त्यानंतर तपासायला येणाऱ्याला.

तपासण्याचीही एक विद्या आहे. रेल्वेत प्रत्येक पुलाची नोंदवही असते. पावसाळ्यानंतर दरवर्षी तपासणी होते आणि लोखंडी पुलांची ठरावीक वर्षांनी सविस्तर, अवयव-न्-अवयव पाहणी होते. रिव्हेट सैल झाला आहे का, हे पाहण्याची रीत अजूनही जुनीच आहे. डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवायचे आणि दुसऱ्या बाजूला लहान हातोडीने टोला द्यायचा. घट्ट रिव्हेट आणि सैल रिव्हेट यांचा आवाज वेगळा असतो, सैल असेल तर बोटाला हादरा जाणवतो. हजारो रिव्हेटांना असे टोले द्यावे लागतात. पुस्तकात ही कृती दोन ओळींत लिहिलेली असते. कान तयार व्हायला काही वर्षे लागतात.

हे शिकवण्याचे एक मोठे केंद्र महाराष्ट्रातच आहे, याची कल्पना पुष्कळ पुणेकरांनाही नसेल. कोरेगाव पार्कच्या दाट झाडीत भारतीय रेल्वेची स्थापत्य अभियांत्रिकी संस्था आहे. १९५९ पासून ती चालू आहे. देशभरातील रेल्वे अभियंते रूळ आणि पूल यांचे धडे घेण्यासाठी तेथे येतात. पांबनच्या समुद्रावर पुलाची नोंदवही भरणाऱ्या माणसाचे शिक्षण मुळा-मुठेच्या काठी झालेले असू शकते. मात्र अशा शिक्षणाची साखळी अभियंत्यापाशी आणि पर्यवेक्षकापाशी येऊन बरेचदा थांबते. खरवडणारा आणि रंगवणारा माणूस पूर्वी रेल्वेच्या पूल विभागातील कायमचा खलाशी असे. बापाचे पाहून मुलगा शिकत असे. आता असे काम बहुतांशी कंत्राटाने होते. या वर्षीची टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्या कामावर असते. तिला दवबिंदू सांगायला वेळ कोणाला आहे आणि तिने तो समजून घ्यावा यासाठी तिला जादा मजुरी तरी कोण देणार? रंगकामाचे कौशल्य शिकवून त्याचे प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था देशाच्या कौशल्य विकास योजनेत आहे. निविदेत ‘प्रमाणित कामगारच लावावेत’ ही अट घातली आणि पाळली गेली तर तिचा उपयोग. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देण्याच्या पद्धतीत पहिली काटछाट होते ती खरवडण्याच्या वेळात, कारण रंग चढल्यावर खाली काय आहे ते दिसत नाही.

पांबनच्या म्हाताऱ्या पुलाचे १०८ हे वय कोणत्या मोलाचे, हे कळण्यासाठी थोडे दूर, मराठी मुलखाजवळ यावे लागते. पणजीत मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला. आधुनिक पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा, म्हणजे ज्याच्या पोटात ताणलेल्या पोलादी तारा असतात असा. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. वय जेमतेम सोळा वर्षे. तारा आतल्या आत गंजल्या होत्या. काँक्रीट बाहेरून धडधाकट दिसत होते. लोखंडी पूल निदान आपले दुखणे अंगावर दाखवतो. काँक्रीटचा पूल ते पोटात ठेवतो. या घटनेनंतर पुढे कित्येक वर्षे गोव्याचे लोक होड्यांनी मांडवी ओलांडत होते.

गुजरातेत मोरबी येथे मच्छू नदीवरील एकोणिसाव्या शतकातला झुलता पूल दुरुस्तीनंतर पुन्हा खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, तुटला. १३५ माणसे गेली. चौकशीत आढळले की मुख्य दोरखंडातील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. जुन्या लोंबत्या दांड्यांना नव्या दांड्या जोडकाम करून चिकटवल्या होत्या. दुरुस्ती झाली होती, पण दोरखंड उलगडून पाहिला गेला नव्हता. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. फलक लावणे आणि मंजुरी देणे ही दोन्ही कामे कागदावर पूर्ण होतात, आणि गंज कागद वाचत नाही.

अमेरिकेतही हा धडा जीव देऊनच शिकावा लागला. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, पडला आणि ४६ जण दगावले. साखळीतील एका पोलादी दुव्यात गंजाने आणि ताणाने मिळून वाढवलेली एक बारीक चीर होती. त्यानंतर त्या देशाने कायदा केला, पुलांच्या तपासणीची राष्ट्रीय मानके ठरवली, ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली आणि तपासणाऱ्याची पात्रताही ठरवून दिली. आपल्याकडे सावित्रीच्या पुरात महाडचा पूल वाहून गेला ते २०१६ साल. त्याच वर्षी राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांची देशव्यापी नोंद आणि प्रतवारी करणारी प्रणाली सुरू झाली आणि दीड लाखांहून अधिक लहानमोठ्या बांधकामांची गणना झाली. गणना ही चांगली सुरुवात आहे. परंतु ज्या बँकेने कर्जदारांची यादी केली आणि वसुली केली नाही, तिच्या यादीचा उपयोग तिच्या लेखापरीक्षकालाच होतो.

येथे प्रश्न अभियांत्रिकीतून हिशेबात शिरतो, आणि मूळ दुखणे तेथेच आहे. कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात यंत्राचा घसारा दरवर्षी खर्ची पडतो. नफा झालेला असो वा नसो, यंत्र एका वर्षाने म्हातारे झाले, हे मालकाला मान्य करावे लागते. सरकारी हिशेब मात्र रोखीच्या पद्धतीने मांडला जातो. पूल बांधला त्या वर्षी खर्च दिसतो. त्यानंतर तो जणू अजरामर होतो. तो दरवर्षी किती झिजला, हे कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. साहजिकच ‘यंदा रंग नको, पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर बचत जमा होते. वास्तविक त्याने कर्ज काढलेले असते, आणि तेही चक्रवाढ व्याजाचे. आज ब्रशने निघणारा गंज पाच वर्षांनी पत्रा बदलायला लावतो, दहा वर्षांनी गर्डर, आणि नंतर पूल. या कर्जाचा उल्लेख कोठल्याही वहीत नसतो. ते फेडण्याची वेळ येते तेव्हा काढणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

रेल्वेचे या बाबतीत कौतुक करावे लागेल. १९२४ मध्ये रेल्वेचे अर्थकारण सरकारच्या सर्वसाधारण अर्थकारणापासून वेगळे झाले तेव्हा घसारा राखीव निधीची व्यवस्था करण्यात आली. झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला ठेवायची, हा व्यापारी शहाणपणा इंग्रजी अमदानीतच रुजला. अलीकडे या निधीत घातली जाणारी रक्कम झिजेच्या मानाने फार तोकडी असल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी वारंवार बोल लावले आहेत. सन २०१७-१८ मध्ये सुरक्षेच्या कामांसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींचा स्वतंत्र कोष उभारण्याची घोषणा झाली, तीही जुन्या निधीने आपले काम पुरेसे केले नसल्याची एक प्रकारे कबुलीच होती. तरीही निधीची कल्पना तरी रेल्वेपाशी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या पुलासाठी अशी पेटी कोठे असते? उद्घाटनाच्या फितीसाठी पैसा मिळतो. खरवडणीसाठी मागितला तर ‘पुलाला काय झाले आहे?’ असे विचारले जाते.

पांबनच्या प्रवाशाने वाटेत कारैक्कुडीला थांबावे. चेट्टिनाडच्या भव्य वाड्यांसाठी लोक तेथे जातातच. त्याच गावात केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्था आहे. अळगप्पा चेट्टियार या दानशूर उद्योगपतींनी तिच्यासाठी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले, २५ जुलै १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि जानेवारी १९५३ मध्ये ती सुरू झाली. व्यापारी माणसाचा पैसा देवळाला आणि धर्मशाळेला जातो तसा तो गंजाच्या अभ्यासालाही जाऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. बॅटरीपासून गंजापर्यंत अनेक विषयांवर तेथे काम चालते. पुलाच्या अलीकडे मंडपम येथे या संस्थेचे परीक्षण केंद्र आहे. तेथे निरनिराळ्या धातूंचे व लेपांचे लहान पत्रे घोड्यांवर समुद्राकडे तोंड करून मांडलेले असतात. ठरावीक महिन्यांनी ते काढायचे, साफ करायचे, वजन करायचे आणि किती धातू वाऱ्याने खाल्ला ते टिपून ठेवायचे. काम अत्यंत कंटाळवाणे आणि त्यातून मिळणारे आकडे अमूल्य. कोणता लेप खाऱ्या वाऱ्यात किती टिकतो, हे कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवायचे नसेल तर असेच ठरवावे लागते.

नवा पूल जुन्याच्या शेजारी, त्याहून थोडा उंच बांधला आहे. खर्च साडेपाचशे कोटींहून अधिक. लांबी दोन किलोमीटरच्या किंचित वर. मधला ७२.५ मीटरचा गाळा आता झोपाळ्यासारखा कलत नाही, उद्वाहकाप्रमाणे दोन मनोऱ्यांमधून सरळ १७ मीटर वर उचलला जातो. असा उभा उचलला जाणारा समुद्री रेल्वे पूल भारतात हा पहिलाच. दांडे फिरवणारी टोळी गेली, विजेची यंत्रे आली. गंजाचा विचारही आधीपासून केलेला आहे. काँक्रीटमध्ये न गंजणाऱ्या पोलादाच्या सळया, रिव्हेटऐवजी जोडकाम, म्हणजे पाणी लपायला फटी कमी, आणि वरून पॉलिसिलोक्झेन नावाच्या आधुनिक रंगाचा लेप. हा लेप तीन दशकांहून अधिक काळ टिकेल, असे रेल्वेने सांगितले आहे.

याच पुलाची नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणी केली तेव्हा त्यांनी गाडीला वेगमर्यादा घालून परवानगी दिली, आणि त्याच अहवालात पुलाच्या आखणीतील व गंजरोधक व्यवस्थेतील उणिवांवर बोटही ठेवले. त्यावर समिती नेमली गेली, खुलासे झाले आणि काही महिन्यांनी पूल सुरू झाला. काहींना तेव्हा हा अपशकुन वाटला. पण उद्घाटनाची तयारी चालू असताना एक अधिकारी गंजाबद्दल लेखी हरकत घेतो आणि ती हरकत सर्वांना वाचायला मिळते, ही या साऱ्या कहाणीतील आशादायक गोष्ट मानली पाहिजे. आयुक्तांचे हे पद नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. रेल्वे मंत्रालयाचा त्याच्यावर अधिकार चालत नाही. ज्याचा माल त्यानेच तोलू नये, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. राज्यातील पुलांसाठी असा स्वतंत्र, लेखी मत देणारा आणि ते जाहीर करणारा आयुक्त असता तर कुंडमळ्याच्या फलकापाशी एखादा पहारेकरीही कदाचित उभा राहिला असता.

रामेश्वराला जाणाऱ्या वाचकांनी जाताना आगगाडी आणि येताना मोटार, असा क्रम ठेवावा. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर गाडी अलीकडेच थांबवली जाते. जुन्या पुलासाठी ही मर्यादा ताशी सुमारे ५८ किलोमीटर होती, आणि वारा मोजणारे यंत्र सिग्नल आपोआप लाल करी. तेव्हा थोडा उशीर गृहीत धरावा. मोटारींच्या उंच पुलावरून दोन्ही रेल्वे पूल एका नजरेत दिसतात आणि सकाळच्या उन्हात जुन्याचे लोखंड व नव्याचा राखाडी रंग यांतील फरक स्पष्ट कळतो. सोबत लहान दुर्बीण असल्यास उत्तम. जुन्या गाळ्याचे वक्र पाय, गर्डरच्या बैठका आणि रिव्हेटांच्या ओळी, ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी हातोडीने टोले दिले, त्या तिने नीट पाहता येतात. रेल्वेने जुना पूल काढून टाकण्याचे ठरवले असल्याने ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी फार विलंब करू नये.